वैलावरची वाफ

आई, आज सकाळी चहा गाळताना वाफ चष्म्यावर बसली आणि घटकाभर काहीच दिसेना. मी पुसली नाही. त्या धुरकट पांढऱ्यातून तळवलीची आपली खोली हळूहळू वर आली, मागची पत्र्याची पडवी आली, आणि पडवीत तू. घरात गॅस असताना गावाहून आल्या आल्या तू तिथं मातीची चूल घातली होतीस. गॅसवरची भाकरी रुसल्यासारखी फुगते, म्हणायचीस.

तेव्हा मी पावणे गावातल्या कारखान्यात बॉयलरवर होतो. तेल जाळायचं, पाण्याची वाफ करायची, त्या वाफेवर टर्बाइन फिरवून कारखान्यापुरती वीज काढायची. शाळा चौथीत सुटली, तरी रद्दीतली पुस्तकं वाचून मी बॉयलरची परीक्षा पास झालो होतो, आणि तो तोरा अंगात होता, तुला ठाऊकच आहे. मग नव्वदच्या पुढं कधीतरी गॅस टर्बाइन आलं, विमानाच्या इंजिनासारखं. ते गॅस जाळून आपली वीज करणार, आणि त्याच्या मागून निघेल ती धग आमच्या बॉयलरला देणार. तेलाचे बर्नर निघणार. साहेब पोरगेलासा, पण गोड बोलायचा. म्हणाला, "मिस्त्री, टेन्शन घेऊ नका. सोमवारी हे ड्रॉइंग मला तुमच्या भाषेत समजवा. नाय जमलं तर गोडाऊनला टाकावं लागेल." वीस वर्षं ज्या बॉयलरचा श्वास कानांनी ओळखला, तो सोडून पोती मोजायची. जेवण जाईना.

रविवार आहे. मी पडवीत ड्रॉइंगचा कागद पसरून बसलोय, धूर खाडीकडं रेंगाळत चाललाय, आणि तू भाकरी थापता थापता विचारतेस, "कसलं रं कोडं हाय?" सांगतो झालं, आपलं तुझ्या समाधानासाठी. पुढच्या यंत्रात आग, मागच्या बॉयलरला नुसती तिची धग. तू हसतेस. "आरं, ह्यो तर वैल हाय." आणि पिठाच्या बोटानं चुलीच्या मागच्या तोंडाकडं दाखवतेस. तिथं वेगळं लाकूड नाही, पुढच्या जाळाचीच उरलेली धग बोळातून मागं जाते, आणि तिच्यावर आमटी रटरटतेय. मी इरेला पेटून विचारतो, "आणि आमटी आटायला लागली तर? जाळ काढशील?" "म्होरला जाळ काढला तर भाकरी कच्ची ऱ्हाईल की. त्यो जाळ वैलाचा न्हवंच. बोळाच्या तोंडाला खापर लावायचं, धग म्होरनंच निघून जाती." मग जरा कडक होऊन, "रोज चुलीपाशी बसून जेवतोस, आन् चूल कवा बघितली न्हाईस."

ते लागलं मला. पण कागदावर तेच होतं. दोन यंत्रांच्या मधे धुराची झडप काढलेली, तिच्या डोक्यावर दुसरी चिमणी, आणि मी चार दिवस तिला रेघ समजत होतो.

सोमवारी साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी अडवून विचारलं, "बॉयलरचं पाणी उतरलं, तर पहिलं काय कराल?" हात आपसूक उठला, आग बंद करायला. वीस वर्षांची सवय. तेवढ्यात तुझं खापर डोळ्यांपुढं आलं. म्हणालो, "आग आता माझी नाही साहेब, पुढच्या यंत्राची आहे. मी झडप फिरवणार, धग दुसऱ्या चिमणीनं बाहेर." साहेब खुर्चीत मागं रेलले. मी बॉयलरवरच राहिलो, रिटायर होईपर्यंत. जुनं वाफेचं टर्बाइन त्या उरल्या धगीवर गुणगुणत राहायचं, आणि दुपारी तिथं उभं राहिलं की आमटीचा वास आल्यासारखा वाटायचा.

संध्याकाळी तू विचारलंस, "काय म्हनला सायेब?" मी म्हणालो, "ठेवलं." तू समाधानानं चुलीवर पाणी शिंपडलंस. एवढ्यावर ते राहिलं, आणि पुढच्याच वर्षी तू गेलीस.

तुला वाचता येत नव्हतं. आलेली पत्रं मीच वाचून दाखवायचो, तेव्हा हे पाठवणार तरी कुठं? घडी करून पुस्तकात ठेवतोय. पण तेव्हा सांगितलं नाही ते लिहून ठेवतो. साहेबांनी उठता उठता विचारलं होतं, "मिस्त्री, कुणी शिकवलं हे?" मी म्हणालो, "पुस्तकात वाचलं."