देगेचा तळ

कार्डिफ, ४ जानेवारी १९३६

अमिनाआपास, जमीलचा सलाम वि. वि.

लाकडं आणतो म्हणून उठलो नि थेट नाशिकरोड स्टेशन गाठलं, हे तू अजून किती पत्रांत लिहिणार? तीन सालं झाली. मोहरमच्या दिवशी घोटणी टाकून पळालो, त्या थोरल्या तांब्याच्या देगेचा तळ लागला, सगळ्या कथडा मोहल्ल्याने करपलेला खिचडा खाल्ला. कबूल. पण अम्माचा तेव्हापासून एक शब्द नाही, धाडली ती मनिऑर्डर परत!

आता कामाचं. आमची आगबोट दुरुस्तीला गोदीत आहे, मार्चपर्यंत हलत नाही. आमचा भंडारी, म्हणजे खलाशांचा स्वयंपाकी, नजीरचाचा छातीच्या दुखण्याने आडवा. घास गिळत नाही. बत्तीस तोंडं माझ्या गळ्यात. रोज भात नि पाण्यासारखी डाळ; लोक माझ्या सात पिढ्या उद्धरतात. इथं बादलीतलं पाणी सकाळी दगड होतं, पोटात गरम नि जड काही पाहिजे. कोठारात जव, गहू, मसूर आहे. गाजर, कोबी मिळतो. एक अरब कसाई मोठ्याचं गोश्त हलाल करून देतो. खिचड्यात आधी काय पडतं, अम्माला विचार. माझं नाव काढू नको.

रागावलीस तरी तुझाच,
जमील

नाशिक, २८ जानेवारी १९३६

चि. जमीलला अमिनाचे अनेक दुवा.

तुझं नाव नाही काढलं. शेजारच्या गुलजारबीला हवंय म्हटलं. अम्मा चुलीकडे तोंड करून म्हणाली की ती बाई चाळीस वर्षं खिचडा करते, तिला काय शिकवू? आणि मग थांबेचना.

गहू-जव आदल्या दिवशी भिजव. गोश्त हाडासकट, कांद्यावर लाल होईतो परत. मग पाणी. नळीतला गर सुटला की भिजलेले गहू-जव नि मसूर. भाजी शेवटी, नाहीतर तिचं नावही उरत नाही. माप विचारलं तर म्हणाली, घोटणी मधोमध उभी राहिली की उतरवायचं.

आणि जो घोटायला बसेल त्यानेच संपवायचं, हात बदलला की तळ लागतो. हे दोनदा सांगितलं.

तू गेल्यापासून आपल्या दारात देग चढली नाही. तुझी घोटणी मात्र आढ्याला आहे. दर शुक्रवारी तिला तेल लागतं. का, विचारलं तर म्हणते, कीड लागते. पाकीट चिकटवताना म्हणाली, गुलजारबीला म्हणावं, तळ लागला का ते कळव.

जीव सांभाळ. आठवण ठेवशीलच.
तुझी आपा

कार्डिफ, २१ फेब्रुवारी १९३६

अम्मास, सलाम वि. वि. गुलजारबी मीच, हे तुला ठाऊक होतंच.

अम्मा, तू सांगितलंस तसंच केलं. घोटणी नव्हती, सुताराकडून वल्ह्याचा तुकडा तासून घेतला. सहा तास उठलो नाही. बाहेर बर्फ पडत होतं; मी कधी पाहिलं नव्हतं. सगळे बघायला धावले, मला हाका मारल्या. पाय शिवशिवले, पण नाही उठलो. दाराच्या फटीतून पाहिलं, आभाळच दळून खाली येत होतं जणू.

मग एका घटकेला देगेतलं सगळं एक झालं. गहू कुठला, गोश्त कुठलं, कळेना. फक्त गाजराचे लाल तुकडे. वल्हं सोडलं. उभं राहिलं! हजारो कोसांवर, परक्या पाण्यावर, तुझा शब्द जसाच्या तसा खरा. बत्तीस माणसांनी वाडगे बोटांनी पुसून घेतले. चाचाने अर्धा वाडगा संपवला नि विचारलं, कुणाच्या हातचं? मला माझं नाव घेता आलं नाही. तुझं सांगितलं.

देग मी स्वतः घासली. तळ लागला नाही, अम्मा.

मायेची ऊब राहू दे.
जमील

ता. क. घरखर्चाचे पैसे पाठवत नाही, तू परत करशील. हे फक्त यंदाच्या मोहरमच्या देगेचे, गोश्त, जव नि पंचवटीच्या बाजारातल्या गाजरांचे: सव्वासहा रुपये.