जोडावरची पट्टी

मंगळवार, संध्याकाळ. औसा.

आज सातवं कलम गेलं. नुसता हात लावला, तर कलम बांधलेल्या जोडापासून तुटून हातात आलं.

नांदेडची नोकरी सोडली ती ह्या बागेसाठी. ह्याच वहीत आधी ओळींचा नकाशा काढला, मग माळावर केशर आंब्याची वीस कलमं लावली. रोपवाटिकेवाल्यानं बजावलं होतं, पालवी फुटली की जोडावरची प्लास्टिकची पट्टी काढा. मी काढली नाही. आमच्या माळावर वारं लई, जोड निसटेल म्हणून उलट वरून दुसरी बांधली. घट्ट. खोड जाड होत गेलं, पट्टी आत रुतत गेली. दोन वर्षं रोज पाणी घालत होते, मग दिसलं कसं नाही मला?

सासूबाईंनी बोटानं चाचपून बघितलं. म्हणाल्या, "फासच बसलाय की गं. आता काय ऱ्हात न्हाई ह्ये."

बाकीच्या पट्ट्या कापायला गेले, तर सालीसकट निघाल्या.

बांधाकडचं एकच झाड धड आहे. त्याची पट्टी शेजारच्या शेळीनं ओरबाडून खाल्ली होती. ते गेलंच असं धरून मी परत बांधली नाही. त्या दिवशी शेळीमागं दगड घेऊन धावले होते मी.