उलटा लागलेला बगळा

प्रिय अभयदादा,

मेसेज केला की तू नुसता अंगठा पाठवतोस, म्हणून कागदावर लिहितेय. शाळा सोडल्यापासून एवढं लांब काही लिहिलं नाहीये, चुका काढू नकोस. आई बरी आहे. बाबा मार्केट यार्डातून आले की विचारतात, अभयचा फोन आला का, आणि उत्तर यायच्या आत टीव्ही लावतात. तुला कोल्हापूरला जाऊन आता वर्ष होईल.

मी अजून बिबवेवाडीच्या त्याच स्टुडिओत आहे. दिवसभर पासपोर्ट फोटो. क्रॉप, सेव्ह, प्रिंट. मला जमतं, कारण गिऱ्हाइकाशी मालकच बोलतात. बापूराव तसेच आहेत. काल एकाला म्हणाले, फोटो तुमच्यासारखाच येणार, त्याला आमचा इलाज नाही. मागच्या सोमवारी त्यांनी माझा कवडीपाटच्या नदीवरचा बगळा मोठा प्रिंट करून भिंतीवर लावला. तुझ्या कॅमेऱ्यावर काढलेला, त्या सकाळचा. तू शिकवलेलंस ना, पाण्यातलं प्रतिबिंब कधी कापायचं नाही, आणि पक्षी जिकडे बघतोय तिकडे जागा सोडायची. मी तसंच क्रॉप केलं होतं. पलीकडचा काठ वरून उडवला, पाणी सगळं ठेवलं, उजवीकडे मोकळी जागा.

बापूरावांनी फ्रेम उलटी लावली. पाणी इतकं शांत होतं की खरा बगळा कुठला ते त्यांना कळलंच नाही. मी केर काढता काढता वर बघितलं, तर त्या मोकळ्या जागेत तुळजाकाकूंचा आनंद उभा होता. सरळ. निळा शर्ट, डोक्यावर तुझी टोपी.

काठ कापला तेव्हा काठावरचा तो गेला, पाण्यातला राहिला. उलटा होता म्हणून मला वर्षभर ती झाडाची सावली वाटत होती. बापूराव म्हणाले, बगळ्याने तक्रार केली नाही, तू कशाला तोंड पाडतेस, आणि फ्रेम सुलटी केली. पण आता तो मला दिसतोच. मी समोरच्याला हनुवटी खाली घ्या सांगते आणि त्याच्या मागे भिंतीवर आनंद डोकं खाली करून उभा असतो. संध्याकाळी शटर ओढताना मी त्या भिंतीकडे पाठ करत नाही.

गुरुवारी त्याची आई आली. तुळजाकाकू खूप वाळल्यात. रविवारी त्याचा पहिला स्मृतिदिन, घरी बुद्धवंदना आहे, म्हणून आधार कार्डावरचा फोटो मोठा करून हवा होता. त्यात त्याचे डोळे अर्धे मिटलेत. म्हणाल्या, हा माझा वाटतच नाही गं, त्या दिवशीचा एखादा नाही का तुझ्याकडे? मी मान हलवली, नाही. त्या बरोबर फ्रेमच्या खाली बसल्या होत्या. जाताना म्हणाल्या, अभयला सांग, माझा त्याच्यावर राग नाही, त्याने पाठवलं पण ढकललं तर नाही ना.

ओरिजिनल उरलेलं नाही दादा. पासपोर्टची सवय, त्याच नावाने सेव्ह केलं. मेमरी कार्ड तर तू कॅमेऱ्याबरोबरच विकून टाकलंस. तू सगळ्यांना एकच सांगत आलास, पक्षी उठवायला मीच त्याला पलीकडे पाठवलं, माझ्यामुळे गेला. ते खरं नाहीये. तू चहा आणायला गेलास तेव्हा तो काठावर नीट उभा होता, कोरड्या जमिनीवर. पण बगळा जिकडे बघत होता तिथेच, माझ्या फ्रेममध्ये. मला ओरडता येत नाही, माहितेय तुला. म्हणून मी हाताने खूण केली, सरक, अजून सरक. त्याने हात वर केला, ओके म्हणून. तेव्हाच मी बटण दाबलं, तो हात फोटोत आहे. मग मी कॅमेऱ्यात डोळा घातला तो काढलाच नाही. त्याच्या उजवीकडे जलपर्णी होती, हिरवीगार, गवतच वाटावं अशी, आणि खाली खोल पाणी. एकदम बगळा उडाला. मला उडतानाचा मिळाला म्हणून मी खूश झाले, आणि मान वर केली तर काठावर कोणी नव्हतं. मला वाटलं झाडामागे गेला असेल. तू चहा घेऊन येईपर्यंत मला तसंच वाटत होतं. नंतर तू स्वतःवर घेतलंस आणि मी घेऊ दिलं.

आज मी ती फाइल उलटी करून परत क्रॉप केली. या वेळी बगळा कापला. चेहरा पाण्यामुळे थोडा हललाय, पण डोळे उघडे आहेत. माझ्याकडेच बघतोय. रविवारी हा फोटो मी तुळजाकाकूंना देणार आहे आणि खूण कोणी केली तेही सांगणार आहे. तिथे माणसं असतील, माझा आवाज फुटणार नाही. म्हणून तू ये. तू काही बोलू नकोस, नुसता शेजारी उभा राहा.

तुझीच,
नमू