रुआबांध्याचं किरायाचं घर

२ फेब्रु., रविवार
रुआबांध्याच्या वस्तीत विकत घ्यायले एक घर पाहून आलो. दोन खोल्या, मागं आंगण. रिटायरमेंटले चार महिने उरले. कारखान्याचं क्वार्टर सोडून आमी नवराबायको उतईच्या आपल्या घरी जाऊ, अन् हे किरायानं देऊ. पेन्शन कमी, शोभाची औषधं जास्त. दलालानं आतली किरायदारीण दाखवली. सरिता, दवाखान्यात आया आहे. दोन वर्षांपासून राहते म्हणे, किराया वेळेवर. तिनं चहा पाजला. मी खूश. स्कूटरवर शोभा मागून म्हणते, "त्या घरात फोडणीचा वास नाई आला." बाईले शंकाच फार.

६ फेब्रु., गुरुवार
डोकं फिरलं आहे. फर्स्ट शिफ्ट करून सरळ रुआबांध्याले गेलो, दलालाले न सांगता. म्हटलं, नळ किती वाजता येते पाहू. दाराले कुलूप. खिडकीतून पायलं त ना सिलिंडर, ना बिछाना. त्या दिवशीच्या खुर्च्याही गायब. समोरचा म्हातारा म्हणे, "किसको ढूँढ रहे हो?" किरायदारीण म्हटलं त हसला. घर दोन वर्षांपासून रिकामं! पावसाळ्यात गल्लीचं पाणी आत भरते, गुडघाभर. खालच्या भिंतीले ताजा रंग कावून मारला ते आता समजलं.
एवढी वर्षं क्रेन चालवली. खाली माणूस नाही हे पायल्याशिवाय हूक नाही हलवला. अन् इथं एका कप चहात...

७ फेब्रु., शुक्र.
सुपेल्याले दलालाच्या दुकानात जाऊन चार लोकांसमोर ओरडलो. तो शांत. "अंकल, चिल्लाओ मत. मालिक से दाम कम करवा देता हूँ." शरम म्हणून नाही! शोभाले सगळं सांगितलं. ती "मी म्हटलं होतं" असं म्हणाली नाही, त्याचाच जास्त राग आला. जेवलो नाही.

१३ फेब्रु., गुरु.
मालकानं खरंच भाव पाडला. बराच. साळा आला होता, प्रकाश. "भाऊजी, घेऊन टाका न. मार्चमधी रंग मारा, बाहेरगावचा किरायदार ठेवा. त्याले काय माहीत पाणी येते म्हणून?"
मी त्याले हाकललं नाही. ऐकत बसलो. कोणता रंग, तेही मनात येऊन गेलं.
शोभानं ताट आपटलं. "मंग त्या दलालावर कोणत्या तोंडानं ओरडले तुमी?"
मी तिच्यावरच ओरडलो. बाजूच्या क्वार्टरात ऐकू गेलं असेल. प्रकाश न जेवता निघून गेला.

१८ फेब्रु., मंगळ.
सुपेला बाजारात सरिता दिसली, भाजी घेऊन राहिली होती. रस्ताच अडवला तिचा. झूठ क्यों बोली? रडली नाही. पिशवी खाली ठेवली. दलाल तिले म्हणे, एक घंटा बैठ जाओ, नया मालिक आएगा तो मकान तुमको ही दिलवाऊँगा. तिले खरंच घर पाहिजे. एकटी बाई, संगं पोरगी, कोणी खोली देत नाही.
"अंकल, ले लिया क्या? मुझे ही दे दो न."
पाण्याचं तिले माहीतच नव्हतं. मी सांगितलं. गुडघ्याले हात लावून दाखवलं.
तिनं पिशवी उचलली. "पानी तो बरसात में आएगा. मुझे तो अगले महीने कमरे से निकाल रहे हैं."
मी बाजूले झालो, तिले जाऊ दिलं. इतके दिवस हिच्यावर दात खाऊन होतो. आता कोणावर खाऊ?

२२ फेब्रु., शनि.
शोभाच्या ओळखीच्या मिस्त्रीले घर दाखवलं. फरशी दोन फूट उचला म्हणे, दारं वर घ्या, पाणी आत येणार नाही. खर्च भारी, पण होते.
"मंग ते पाणी जाईल कुठं?" शोभानं विचारलं.
त्यानं समोर बोट दाखवलं. म्हाताऱ्याचं घर. म्हातारा ओट्यावर बसून आमच्याकडंच पाहून राहिला होता. हात वर करून रामराम केला त्यानं. मीही केला.
घरी येईस्तोवर दलालाचे तीन फोन. शोभा म्हणे, काय ते एक सांगून टाका. चौथा उचलला.
"हाँ अंकल, बोलो."
इकडं सरिताले घर पाहिजे, तिकडं पाणी त्या म्हाताऱ्याच्या घरात. रुको म्हटलं, अन् फोन ठेवला.