डिझेलचा काटा

मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार, संध्याकाळ

जीपला नवी टाकी बसवल्यापासून डिझेलचा काटा खालीच पडलेला. टाकी भरली तरी हलेना. मागं डिझेल संपून आणे घाटात गाडी थांबली, तेव्हापासून हे रात्री कामावरून घरी न येता ओतूरला नणंदेकडेच राहतात. म्हणाले, काटा चालू होईपर्यंत अंधारात घाट चढायचा नाही. मला पटलं होतं.

आज दुपारी मिस्त्रीला घेऊन आले. त्याने टाकीवरची वायर काढून गाडीच्या पत्र्याला टेकवली, तर काटा थेट फुलवर.

"मीटर चांगलाय. टाकीला अर्थिंग मिळत न्हाई, मधी रंग आडवा आलाय. वहिनी, ह्यो हिरवा रंग कुणी फासला?"

मीच. देवघराच्या दाराचा रंग उरला होता, वाया कशाला घालवायचा? टाकी गंजू नये म्हणून बसवायच्या आधी बोल्टाच्या जागेसकट सगळी रंगवली. खरं ते सांगून टाकलं.

"देवाचा रंग लावला, काट्यानं उपास धरला," मिस्त्री म्हणाला. हे हसले नाहीत.

बोल्टाखालचा रंग खरवडून वायर परत जोडल्यावर काटा हळूहळू अर्ध्यावर आला. मी मनातल्या मनात लक्ष्मीला हात जोडले आणि आत जाऊन दोघांपुरती खीर शिजत ठेवली. बाहेर येते तर हे गाडीत बसलेले.

"आता काटा चालू झाला की," मी म्हटलं.

"व्हय. पण सकाळच्या पाळीला तिकडनंच बरं पडतं."

पूजा झाली, उपास एकटीनेच सोडला. बोल्टाखालचा रंग तसाच राहिला असता तर? असं मनात येऊ नये, पण येतं. काटा बंद होता तोवर यांच्या न येण्याला कारण तरी होतं.