साहेबाचा कान

कोरीट,
आखाजीनंतरचा आठवडा, १९४४

प्रिय छगन,

तुझं पत्र खांडबाऱ्याला आलं तेव्हा मी आखाजीसाठी माहेरी निघण्याच्या गडबडीत होते. ह्यांनी ते स्टेशनातून येताना आणून हातात दिलं आणि मी नंदुरबार येईपर्यंत गाडीत पुन्हापुन्हा वाचत बसले. खुशाल आहेस हे वाचून जीव भांड्यात पडला. रजा मिळणार, हे वाचून तर समोरच्या अनोळखी बाईला मी हातातले फुटाणे देऊन टाकले. पुढची ओळ वाचल्यावर मात्र वाटलं, परत मागून घ्यावेत. रजा म्हणे तू देवळालीला मित्राच्या घरी काढणार. आणि वर अट घातलीस, की घरचं काही कळवू नकोस, आबांचं तर नावही काढू नकोस, साहेब कसा आहे तेवढं लिही. पलटणीत जाऊन वर्ष झालं नाही तोच हुकूम सोडायला शिकलास! बरं बाबा. थोरली असून पाळते तुझा हुकूम. या पत्रात फक्त तुझ्या सशाची हकिकत आहे.

साहेब मजेत आहे. रेल्वेच्या इंजिनियर साहेबाची बदली झाली तेव्हा त्याच्या बंगल्यातून ह्यांनी तो तुझ्यासाठी मागून आणला, तेव्हा केवढासा होता, आठवतं? आता मांडीत मावत नाही. उन्हं तापली की रांजणाखालच्या ओल्या वाळूत पाय पसरून पडतो. पाणी भरायला आलेल्या बायकांना उठून जागासुद्धा देत नाही. नाव तू अगदी शोभेलसं ठेवलंस.

आता खरी गंमत. मी आले त्या दिवशी त्याला उचलून घेतला, तर उजव्या कानाला जखम. कानाच्या कडेला, शेंड्याच्या जरा खाली, त्रिकोणी खाच पडलेली. जखम ताजी होती आणि तिच्यावर पिवळं काहीतरी माखलेलं होतं. मायला विचारलं. तिनं चुलीपासून मानही वळवली नाही. "उंदीर कुरतडी गया व्हई," म्हणाली आणि पुरण घाटायला लागली. तुला माहीतच आहे, मला एखादी गोष्ट उमगली नाही की घास गिळवत नाही. मी उंदरांनी कुरतडलेलं ज्वारीचं पोतं आणून साहेबाच्या कानाशेजारी धरून पाहिलं. पोत्याची भोकं दातेरी, वेडीवाकडी. कानाची खाच दोन्ही बाजूंनी सरळ, चिंधी कातरावी तशी. उंदीर सुटले.

मग मी शेजारच्या मंगलाबाईच्या मांजरीवर संशय घेतला. ही चूक झाली. मंगलाबाई इतकी रागावली, की आखाजीच्या झोक्यावर माझ्या शेजारी बसेना. तिची मांजर म्हणे दुधाशिवाय कशाला तोंड लावत नाही. वैरण कापताना आपल्या गड्याचा, झिपरूचा विळा लागला असेल म्हणून त्याला गाठलं, तर तो गळ्याला हात लावून शपथ घ्यायला लागला. झोक्यावर दगूबाई म्हणाली, "नवसना बोकडना कान असाच ऱ्हास." त्यावर सगळ्या खोखो हसल्या, मीही हसले. म्हसोबाला बोकड कापणं ज्यानं भर पंचात बंद करवलं, त्याच्याच घरात नवस, आणि तोही सशाचा! नवसाची थट्टा तर आपल्या घरी जेवणाइतकी रोजची.

पण ते पिवळं माझ्या डोक्यातून जाईना. हळद होती, ते दिसतच होतं. चावणारं जनावर चावून वर हळद कशी लावेल? म्हणजे माणूसच. आणि कापून पुन्हा हळद लावणारा हा कसला माणूस? मी कान नाकाशी नेला तर करंजतेलाचा कडू वास आला. छगन, आपल्या घरात करंजतेल कुठं असतं? गोठ्यातल्या कोनाड्यात. जुवानं सोललेल्या बैलाच्या खांद्याला तेलात हळद कालवून कोण लावतं? दुसऱ्या कुणाला त्या बुधल्याला हात तरी लावू देतात का?

नाव काढू नको म्हणालास, पण सशाच्या हकिकतीत आबा आपल्या पायांनी चालत आले, त्याला मी काय करू?

खरं सांगते, मला संताप आला. तू निघालास त्या दिवशी अंगणात उभं राहून ते जे बोलले, "गया ते परत तोंड दाखाडू नको," ते मायनं मला सांगितलं होतं. तेव्हापासून त्यांनी तुझं नाव घेतलं नाही. मला वाटलं, पोरगा हाती लागत नाही म्हणून त्याच्या सशावर राग काढला. मी तरातरा गोठ्यात गेले. आबा गव्हाणीला टेकून बसले होते. मांडीवर साहेब, एका हातात विहिरीवरचा कोवळा लसूणघास, दुसऱ्या हाताच्या बोटाला तेल-हळद. मी नको नको ते बोलले. राग पोराचा, मग मुक्या जनावराचा कान का कापला, असंही विचारलं. आबा उलटून ओरडले नाहीत, तेव्हा मात्र मी घाबरले.

खाली बघूनच म्हणाले, "नवसना शे तो."

मी त्यांच्यासमोर खाली बसले. मग हळूहळू एकेक शब्द बाहेर आला. आखाजीच्या आधी ते नंदुरबारच्या बाजारात गेले होते. तिथं कळलं, की म्हसावदकडच्या कुणाच्या पोराची पलटणीतून तार आली. घरी आले ते जेवले नाहीत, आणि कात्री घेऊन गोठ्यात गेले. "बोकड आनता ते आखं गाव हासतं," म्हणाले. सशाचा कान कुणाच्या लक्षात येणार! आणि घरात तुझं म्हणून जिवंत असं तेवढंच होतं.

तुला गोवर झाला होता तेव्हा आजानं तुझ्यासाठी नवस बोलून खूण म्हणून बोकडाचा कान कापला होता. ज्याच्यासाठी नवस त्यानंच जनावर देवापुढं न्यायचं, म्हणून दोरी तुझ्या हातात दिली, आणि तू म्हसोबापर्यंत सगळी वाट रडत गेलास. त्या दिवशी आबाही जेवले नव्हते. बोकड कापणं बंद व्हावं म्हणून पंचांशी भांडायला लागले ते त्यानंतर. सुधारकांच्या सभा ऐकून ते असे झाले असं आपण म्हणत आलो, पण आता मला तशी खात्री वाटत नाही.

मी त्यांना सांगितलं, छगनचं पत्र आलंय, सुखरूप आहे. साहेबाच्या पाठीवरचा त्यांचा हात थांबला. कुठं आहे, कधी येतो, काही विचारलं नाही. एवढंच म्हणाले, "ससानं इचारस का?" मी म्हटलं, सशाचंच विचारतो. "मंग बरं शे," म्हणाले. बराच वेळ घासाची पानं निवडत बसले. मग माझ्याकडे न बघता बोलले, "ससाना कान कापा मी. कापाले पायजे व्हती मन्ही जीभ." छगन, मी तिथून उठून आले, मला बसवेना.

तर झाली हकिकत. जखम भरत आलीय, खाच मात्र राहील. तू सुखरूप आहेस म्हणजे म्हसोबानं आपलं काम केलं, आता नवस फेडायचा राहिला. साहेबाला कापायचं नाही, मोकळं सोडून कुत्र्यांच्या तोंडीही द्यायचं नाही. गुलाल लावून देवाभोवती एक फेरी आणि परत रांजणाखाली, असं आबांनी म्हसोबाशी परस्पर ठरवून टाकलंय. पण त्याला उचलून न्यायला तूच लागतोस, ते काम दुसऱ्या कुणाला चालत नाही. आबा तुला ये म्हणणार नाहीत, त्यांना ते जमायचं नाही. म्हणून मी लिहितेय. देवळालीचा बेत मोडून कोरीटला ये, आणि गाडीचा दिवस मला कळव. कालपासून आबा बैलगाडीच्या चाकांना वंगण घालत बसलेत. मायनं विचारलं, या उन्हात कुठं निघालात? तर म्हणाले, "ठेसनवर. ससाले फिराले ली जानं शे."

तुझीच, हुकूम पाळणारी,
अक्का