चौकटची राणी

सोमवार, ३

लागले बाई एकदाची नोकरीला! पत्त्यांचे नवे खेळ बनवायचे आणि ते खेळून बघायचे, याचा पगार मिळतो म्हटल्यावर ताईचा विश्वासच बसेना. आई गेल्यापासून तिनेच मला वाढवलं, त्यामुळे मी काहीतरी उद्योग करून बसणार ही धास्ती तिला कायमची. या नव्या गावातही ती सोबत आलीच. दोन खोल्या छान आहेत. खाली राहणारे घरमालक सज्जन वाटले, ट्रंक स्वतः उचलून वर आणून दिली.

ऑफिस तिसऱ्या मजल्यावर आहे. चाचणीच्या खोलीत दोन टेबलं आहेत, एक माझं आणि एक जुन्या चाचणीवाल्यांचं. ते दिवसभर खोकतात आणि गोळ्या चघळतात. मनातल्या मनात त्यांचं नाव मी खोकलेकाका ठेवून टाकलं. आमच्या वरिष्ठ, मोठ्या बाई, यांनी मला एकट्याने खेळायचा डाव करायला दिलाय. एकटीनेच खेळायचं तर हरवणार कुणाला, असं ताईने विचारलं.

बुधवार, ५

इथली पद्धत अशी, की नवा खेळ आधी कोऱ्या पुठ्ठ्यावर हाताने करायचा. बारा चित्रं काढायची कुणी? मी घोडा काढला तर लोक त्याला गाढव म्हणतात. म्हणून चित्रांच्या जागी ओळखीच्या बारा माणसांची नावं लिहिली. इस्पिकचा गुलाम खोकलेकाका, किलवरचा राजा घरमालक, बदामची राणी माझी जिवाभावाची मैत्रीण आणि चौकटची राणी अर्थातच ताई. तिला सांगितलं तर म्हणाली, राणी म्हणे, आधी भांडी घास.

पण खेळाचं काही खरं नाही. एक्क्यापासून राजापर्यंत चार राशी लावायच्या, एवढंच. चाळीस डाव खेळले, एकही सुटला नाही.

शुक्रवार, ७

सापडलं! डाव अडला, की चित्राचं कुठलंही एक पान कायमचं बाहेर टाकायचं आणि त्याची जागा वगळून पुढे खेळायचं. नाव ठेवलंय गच्छंतीचा नियम. सकाळी खोकलेकाकांना बाहेर काढलं, डाव लोण्यासारखा सुटला. दुपारी घरमालकांची गच्छंती केली, तोही सुटला. दोनदा चौकटची राणी टाकली असती तर लवकर सुटला असता, पण माझा हात काही धजेना. पत्त्यात का होईना, ताईला बाहेर टाकू? छे!

मोठ्या बाई जाम खूश आहेत. पत्ते लगेच मागून घेतले. आज खोलीत किती शांत वाटत होतं.

मंगळवार, ११

अहवालासाठी ही वही मागे चाळली. खोकलेकाका कोण?

अक्षर माझंच आहे. पण माझ्या खोलीत एकच टेबल आहे, पहिल्यापासून. बाईंना विचारलं तर म्हणाल्या, तुमच्याआधी इथे कुणीच नव्हतं. घरी ताईला घरमालकांबद्दल विचारलं. ती माझ्या कपाळाला हात लावून ताप बघायला लागली. खालचं घर आम्ही आलो तेव्हापासून बंदच आहे म्हणे. मलाही तसंच आठवतंय. मग ट्रंक वर कुणी आणली?

बुधवार, १२

वही पुन्हा वाचली. ज्यांना टाकलं, तेच दोघे.

बाईंकडून पत्ते परत मागितले. त्या हसल्या. सोमवारीच त्यांच्या वीस प्रती काढून बाहेरच्या वीस चाचणीवाल्यांना खेळायला पाठवल्यात. अगदी जशाच्या तशा, नावांसकट. चाचणीच्या पत्त्यांत अक्षरही बदलायचं नाही, हा इथला दंडक.

वहीत लिहिलंय, बदामची राणी, जिवाभावाची मैत्रीण. मला कुणी मैत्रीण आहे?

ताई आहे. ताई मला आठवतेय.

गुरुवार, १३

दारोदार फिरले. चौदा जोड परत मिळाले. फाडून टाकले. एका बाईने विचारलं, एवढी रडतेस कशाला, खेळ तर छान आहे.

शुक्रवार, १४

एकोणीस मिळाले. विसावा एका निवृत्त मास्तरांकडे आहे, ते परगावी गेलेत, पत्ते घेऊन. संध्याकाळी फोन लागला. डाव अडलाय म्हणाले. मी ओरडलेच, काहीही टाका पण चौकटची राणी टाकू नका. का बरं, असं त्यांनी विचारलं. मग स्वतःशीच हसले, बघतो म्हणाले आणि फोन ठेवला.

अरे देवा, हे मी काय केलं! चाचणीवाल्याला एखादी गोष्ट करू नका म्हटलं, की तो आधी तीच करून बघतो. मीसुद्धा तेच केलं असतं —

फोन उचलत नाहीत. पाच वेळा लावला.

ताई स्वयंपाकघरात आहे. मी तिच्याजवळ जाऊन बसलेय. लहान आहेस का, हात सोड, दूध उतू जाईल म्हणतेय. नाही सोडणार. एका हाताने लिहितेय, दुसऱ्या हाताने तिचा हात घट्ट धर —

दूध उतू जातंय. कुणी ठेवलं —

आणि मी हा हात असा पुढे धरून कशाला